आधी फ्लशच्या टाकीचं झाकण उघडा, मग धरणांवर बोला

पोस्ट लांबलचक आहे आणि विषय संडासाचा आहे. जेवताना फोन बघायची सवय असेल तर आधी जेवून घ्या.

एप्रिल उजाडला की आपल्या सोसायट्यांमध्ये जलतज्ज्ञ उगवतात. खडकवासल्यात किती टीएमसी उरलंय, पानशेतमधून किती सोडलं, कालव्याला एवढं कशाला देतात, सगळं तोंडपाठ. टेमघर धरणाच्या गळतीवर तर प्रत्येकाकडे एक किस्सा आहे. आणि हे सगळं ज्या फ्लॅटमधून टाइप होतं, त्याच फ्लॅटच्या संडासात फ्लशची टाकी दिवसरात्र कमोडमध्ये गळत असते. तिचा किस्सा मात्र कोणाकडे नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक सूचना आली. टंचाई लक्षात घेता कामवाल्या बायकांनी भांडी घासताना नळ सोडू नये, बादलीत पाणी घ्यावं. ड्रायव्हरांनी गाड्या ओल्या फडक्याने पुसाव्यात. वॉचमनच्या संडासाचं पाणी सकाळी दोनच तास चालू राहील. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. रात्री दोन वाजता त्या डक्टला कान लावा. वरून, खालून, समोरून टाक्या भरल्याचा सूं आवाज येत असतो. रात्री दोन वाजता एवढी माणसं संडासला जात नाहीत हो. त्या टाक्या गळतायत आणि परत भरतायत. वॉचमनचं पाणी बंद करून वाचवलेल्या दोन बादल्या आपण रात्रभर झोपेत सोडून देतो.

मी प्लंबर नाही. तीस वर्षं बँकेत कॅशवर बसले, त्यामुळे मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही, एवढंच. तर आधी मोजणी.

टाकीखाली भिंतीतून येणारा एक छोटा कॉक असतो, अँगल कॉक म्हणतात. तो बंद करायचा. टाकीचं झाकण काढायचं. पाण्याची पातळी जिथे आहे तिथे आतल्या बाजूला पेन्सिलने रेघ मारायची. तासभर कोणी फ्लश करायचं नाही. मग बघायचं. माझ्याकडे पाणी दहा सेंटिमीटर खाली गेलं होतं. टाकी आतून साधारण चाळीस सेंटिमीटर लांब आणि पंधरा रुंद. चाळीस गुणिले पंधरा गुणिले दहा म्हणजे सहा हजार घनसेंटिमीटर, म्हणजे सहा लिटर. तासाला सहा. दिवसाला १४४ लिटर.

आता हा आकडा बाजूला ठेवा आणि दुसरा घ्या. गटारव्यवस्था असलेल्या शहरांत दर माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावं असा आपल्याकडचा सरकारी निकष आहे. त्यात पिणं, स्वयंपाक, आंघोळ, कपडे, संडास, सगळं आलं. म्हणजे माझ्या घरात एक अख्खा माणूस जास्त राहत होता. न दिसणारा, न आंघोळ करणारा, भाडं न देणारा, आणि माझ्यापेक्षा जास्त पाणी पिणारा.

साठ फ्लॅटच्या सोसायटीत समजा पंधरा टाक्या अशा असतील, तर दिवसाला २१६० लिटर झाले. पाच दिवसांत दहा हजारांचा एक टँकर. तुमच्याकडे टँकरचा जो भाव चालू असेल तो लावून बघा आणि मग मेंटेनन्स का वाढला म्हणून चेअरमनच्या नावाने शिमगा करा.

इथे कोणी ना कोणी म्हणणार, ऊस बघा आधी. बरोबर आहे. शेतीला, आणि त्यातही उसाला, किती पाणी जातं ते मला माहीत आहे, आणि धरणातून घरापर्यंत येताना महापालिकेच्या जुन्या पाइपांतून किती झिरपतं तेही लपलेलं नाही. मोठी गळती तिकडेच आहे. पण ऊस दाखवला की आपली टाकी कोरडी होत नाही. आणि एक हिशेब ऐकाच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती आठवते ना? पहिल्या फेरीत दहा डब्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी गेलं होतं. सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, आपण हळहळलो. माझ्या टाकीसारख्या साडेतीन हजार टाक्या एका दिवसात तेवढं पाणी घालवतात. साडेतीन हजार फ्लॅट म्हणजे काही फार नाहीत. आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजू धरल्या की भरतात. रोज एक रेल्वे आपण कमोडमध्ये रिकामी करतो आणि कोणी हळहळत नाही, कारण तिला इंजिन नाही आणि ती टीव्हीवर येत नाही.

हे पाणी साधं पाणीही नसतं. धरणातून आणलेलं, गाळलेलं, क्लोरीन मारलेलं, पंपाने चढवलेलं, मग सोसायटीच्या मोटरने पुन्हा गच्चीवर नेलेलं. एवढा खर्च करून ते गच्चीवरून थेट मैलापाण्याच्या नळीत जातं, आणि तिथे त्याच्यावर परत शुद्धीकरणाचा खर्च होतो. मधल्या मध्ये त्याने कुणाची तहान भागवली नाही, एक रुमालही धुतला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ही दुरुस्ती किती अवघड आहे? कुकरची शिट्टी खोलून साफ करण्याइतकी. कुकरची रिंग बदलते ना प्रत्येक घरातली बाई? टाकीच्या तळाला तशीच एक रबराची रिंग असते. मग कुकर जमतो आणि टाकी का जमत नाही?

जमत नाही असं नाहीच. हात लावायचा नसतो.

टाकीतलं पाणी आणि स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी बहुतेक इमारतींत गच्चीवरच्या एकाच टाकीतून येतं. फ्लशच्या टाकीत मैल्याचा थेंबही नसतो, तो खाली भांड्यात. तरी टाकीचं झाकण उचलायचं म्हटलं की घरातली शिकलीसवरली माणसं दोन पावलं मागे सरतात. माझ्या नात्यातले एक इंजिनियर आहेत. मोठमोठे बॉयलर पाहिलेले. घरची टाकी सहा महिने गळतेय. विचारलं तर म्हणाले, ‘अगं, ते आपलं काम नाही.’ ‘आपलं’ या शब्दात काय काय भरलंय ते मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. संडास हा शब्दसुद्धा आपण उच्चारत नाही. आधी परसाकडे होतं, मग शौचालय झालं, मग बाथरूम, टॉयलेट, आता वॉशरूम. जितकं शिक्षण वाढलं तितका शब्द लांब गेला. वस्तू मात्र बेडरूमला चिकटून आली.

हे साधं किळस वाटणं असतं तर मी पोस्ट लिहिली नसती. किळस लहान मुलाचे लंगोट धुताना जाते, आजारी सासऱ्यांचं भांडं काढताना जाते. बायकांना विचारा. संडासाच्या बाबतीत ती जात नाही, कारण ती जातीची आहे. ‘हे करणारी माणसं वेगळी असतात’ हे आपल्या हाडांत आहे. हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला, आणि तरी गटारात उतरून माणसं मरतात. त्या मरणाचा आणि माझ्या वॉशरचा काय संबंध, असं विचाराल. सरळ संबंध आहे. कळ दाबली की पुढचं आपण बघायचं नाही ही सवय एकच आहे. ती टाकीपाशी सुरू होते आणि मॅनहोलपाशी संपते.

१९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मागितलं. सरकारने नकार दिला. वरच्या जातीच्या कैद्याला ते काम देत नसत. अप्पांनी अन्न सोडलं, आणि येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरात त्यांच्यासाठी उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी संडासावर आयुष्यभराचे प्रयोग केले. कोकणचे गांधी म्हणून आपण त्यांची जयंती करतो. हार घालतो. पण हेही म्हणायला हवं की ज्यांच्या माथी हे काम जन्माने मारलं गेलं त्यांना ते करायची परवानगी कोणी कधी नाकारली नव्हती. बाबासाहेबांचा आक्षेप तोच होता. या कामाला थोरवी चिकटवायची आणि ते त्याच माणसांकडे ठेवायचं, ही चलाखी त्यांनी ओळखली होती. म्हणून मी टाकी दुरुस्त करण्याला सेवा, साधना वगैरे काही म्हणणार नाही. माझ्या घरातली गळती आहे, माझ्या हाताने थांबते. त्यात थोर काय? थोर नाही म्हणूनच सगळ्यांनी करावी.

आता कसं करायचं ते सांगते, कारण ‘सोपं आहे’ म्हणून पळून जाणाऱ्या लोकांचा मला राग आहे.

टाकीत दोनच भानगडी असतात. पाणी आत घेणारा भाग आणि पाणी सोडणारा भाग. आत घेणाऱ्या भागाला फ्लोट असतो. पाणी चढलं की तो वर येतो आणि नळ बंद करतो, गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखा. सोडणारा भाग मधोमध उभा असतो. बटण दाबलं की तो उचलला जातो, सोडलं की खाली बसतो आणि तळाची रबरी रिंग भोक बंद करते. त्यालाच जोडून एक उभी नळी असते, वरून उघडी. फ्लोट बिघडून पाणी फारच चढलं तर ते जमिनीवर सांडू नये म्हणून त्या नळीतून कमोडमध्ये जातं.

वर सांगितलेली पेन्सिलची रेघ याचसाठी. कॉक बंद असताना पाणी खाली गेलं आणि फरशी कोरडी असेल, तर तळाची रिंग गळतेय. पाणी जिथल्या तिथे राहिलं, पण कॉक उघडल्यावर ते चढत चढत उभ्या नळीच्या तोंडापर्यंत जातंय, तर फ्लोटचा दोष. रेघ मारायला कंटाळा असेल तर कपड्यांना घालायची नीळ घ्या, चार थेंब टाकीत टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी निळं झालं की चोर सापडला. आमच्या मजल्यावरच्या दोन घरांत मी हा प्रयोग करून दाखवला. दोन्हीकडे निळं. एका काकूंनी तर ‘अगंबाई’ म्हणून तोंडावर हात ठेवला, जसं काही मी भानामती केली.

फ्लोटचा दोष असेल तर बहुतेक वेळा त्याच्यावरचा स्क्रू फिरवून तो थोडा खाली आणला की काम होतं. पाण्याची पातळी नळीच्या तोंडापासून दोन बोटं खाली राहिली पाहिजे. तरी नळ बंद होत नसेल तर आत कचरा आहे. टँकरचं पाणी येतं तिथे वाळूचे कण त्या बारीक जाळीत हमखास अडकतात. काढायचं, जुन्या ब्रशने घासायचं, परत लावायचं.

रिंगचा दोष असेल तर कॉक बंद करून टाकी रिकामी करा. मधला भाग थोडा डावीकडे फिरवला की बऱ्याच टाक्यांत सुटून हातात येतो. जोर लावून ओढू नका, प्लास्टिक आहे. रिंगवर पांढरा थर दिसेल. बोअरच्या आणि टँकरच्या जड पाण्याचे क्षार ते. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात बुडवून ठेवलं की थर सुटतो. रिंग ज्या कडेवर बसते ती कडही बोटाने चाचपून पुसून घ्या. रबर कडक झालं असेल, कडा खाल्ली गेली असेल, तर नवीन आणायची. जुनी रिंग पिशवीत घालून दुकानात न्या, तोंडी वर्णन करू नका. टाकीत टाकायच्या त्या क्लोरीनच्या गोळ्या असतात ना, त्यांनी रबर लवकर वाया जातं. आणि झाकण सिरॅमिकचं असेल तर खाली जमिनीवर टॉवेल पसरून ठेवा, कमोडवर नको. फुटलं तर तेवढं झाकण सुटं मिळणं कठीण.

एवढंच. माझी रिंग चाळीस रुपयांना आली. वेळ पाऊण तास, त्यातली वीस मिनिटं चष्मा शोधण्यात. रात्री पुन्हा रेघ मारली. सकाळी पाणी रेघेवर होतं.

कमोडच्या बुडाशी ओल आली, वास यायला लागला, खालच्या घराच्या छताला डाग पडला, तर मात्र हात लावू नका. ते मैलापाणी आहे, सांधा फुटलाय किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. तिथे जाणता माणूसच हवा. हौसेलाही हद्द असते. आणि त्या बाबतीत खालच्या मजल्यावरच्या लोकांना वर्षानुवर्षं टोलवू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत साफ लिहिलंय, घराच्या आतल्या संडासाची, सिंकची गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची. इमारतीच्या सामाईक नळ्यांची गळती सोसायटीने. आपल्याकडे या एका ओळीवरून सख्खे शेजारी दहा दहा वर्षं बोलत नाहीत.

‘प्लंबरच्या पोटावर पाय देता का?’ हा प्रश्न मला विचारून झालाय. विचारणारे तेच, जे प्लंबरने दोनशे रुपये सांगितले की ‘दीडशे घे, दहा मिनिटांचं तर काम’ म्हणतात. प्लंबर येतो, टाकीत डोकावतो आणि म्हणतो, ‘ताई, पूर्ण फिटिंगच बदलावं लागेल.’ मला याचा राग येत नाही. चाळीस रुपयांच्या रिंगसाठी तो पेट्रोल जाळून आला, तीन मजले चढला, दोन फोन टाळले. रिंग बदलून त्याला काय सुटणार? आपण हाताच्या कसबाला दाम देत नाही, वस्तूला देतो, म्हणून तो वस्तू विकतो. अख्खा संच बदलला की त्याचे पैसे सुटतात, जुना चांगला संच कचऱ्यात जातो. ज्याला सांधे जोडता येतात, भिंतीतली नळी न फोडता गळती शोधता येते, त्याला त्या कामाचे भरपूर पैसे द्या. रिंग बदलायला त्याला बोलवणं म्हणजे डॉक्टरला नखं कापायला बोलवण्यासारखं आहे.

टाकी बनवणाऱ्यांनाही सोडून चालणार नाही. माझ्या माहेरी वाड्यात उंचावर लोखंडी टाकी होती, साखळीची. ओढली की गडगडाट व्हायचा, लहानपणी मी साखळी ओढून पळत बाहेर यायचे. त्या टाकीत तळाला रबर नव्हतंच. आत वाकडी नळी होती, सायफन. साखळी ओढली की पाणी नळीच्या बाकावरून उचललं जायचं आणि मग आपोआप ओढ लागायची. बाक ओलांडल्याशिवाय पाणी खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे तळातून गळणं शक्य नव्हतं. बॉल कॉक बिघडला तर जास्तीचं पाणी वेगळ्या नळीने बाहेर, सगळ्यांना दिसेल असं पडायचं. शेजारचे ओरडायचे, ‘अहो, तुमची टाकी वाहतेय!’ इंग्रजीत या टाकीचं धंद्यातलं नावच मुळी वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर, म्हणजे पाण्याची नासाडी रोखणारी. ब्रिटनमध्ये तर २००१ पर्यंत घरगुती संडासाला सायफनच लावायचा असा नियम होता. आता बटण आलं, तळाला रबर आलं, आणि जास्तीच्या पाण्याची नळी कमोडच्या आत गेली. टाकी एका फ्लशला पाणी कमी घेते, हे खरं. जुनी दहा-बारा लिटर सोडायची, नवी सहा किंवा तीन. पण गळायला लागली की कोणाला दिसत नाही, कोणी ओरडत नाही. वाचवलेलं सगळं तळातून जातं आणि डब्यावर ‘पाणी वाचवा’चं हिरवं पान छापलेलं असतं.

फ्लशच्या टाक्यांना भारतीय मानकं आहेत, आयएस ७७४ आहे, प्लास्टिकच्या टाक्यांचं आयएस ७२३१ आहे. पण दुकानात जुनी रिंग घेऊन जा, एका कंपनीची दुसऱ्याला बसत नाही. कधी कधी एकाच कंपनीची जुनी नव्याला बसत नाही. ‘सुटी रिंग येत नाही, पूर्ण संच घ्या’, हे मी दोन दुकानांत ऐकलं, तिसऱ्यात मिळाली. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. मोबाइल आला, गाड्या आल्या, टीव्ही-फ्रिजसारखी घरगुती यंत्रं आली, शेतीची अवजारं आली. ज्या वस्तूच्या बिघाडाने शहराचं पाणी जातं ती मात्र कुणाच्या यादीत दिसली नाही. रिंगचे चार-पाच आकार ठरवून द्या, सुटी विकणं सक्तीचं करा. रॉकेट सोडायचं नाहीये.

आणि पाणीपट्टी. पुण्यात ती वर्षानुवर्षं मिळकतकराच्या बिलात ठोक रकमेने येत आली. जपून वापरणाऱ्यालाही तीच, रात्रंदिवस गळणाऱ्यालाही तीच. विजेचा एक दिवा जळत राहिला तर आपण उठून बंद करतो, कारण मीटर फिरतो. पाण्याचा मीटर म्हटलं की आपण सगळे एकदम गरिबांचे कैवारी होतो. ‘सामान्य माणसाला परवडणार नाही!’ अहो, गरजेपुरतं पाणी स्वस्तात द्या, फुकट द्या, वस्तीत मीटर नकोही लावू. पण दोन बाथरूम, तीन बाथरूमच्या फ्लॅटला स्वतंत्र मीटर लावायला हरकत कोणाची आहे? सामान्य माणसाच्या आडून कोण बोलतंय ते बघा जरा.

वॉचमनच्या संडासाचं पाणी तोडताना या कैवाऱ्यांना सामान्य माणूस आठवला नव्हता. आमच्या सोसायटीत आठ घरांची कामं करणाऱ्या एक ताई आहेत. सकाळी सात ते दुपारी दोन. त्यांना आठपैकी किती घरांत संडास वापरू देतात, मी विचारलं. त्या हसल्या. त्याच आठ घरांचे संडास त्या रोज घासतात. म्हणजे त्यांच्या हाताने संडास स्वच्छ होतो, पण त्या बसल्या की तो बाटतो. तोच संडास दिवसरात्र मिळून १४४ लिटर गळला तर चालतं.

आबिद सुरती हे नाव जुन्या वाचकांना ‘ढब्बूजी’मुळे माहीत असेल. लेखक, व्यंगचित्रकार. त्यांनी २००७ पासून मीरा रोडला रविवारी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ता बरोबर घेऊन घरोघर जायला सुरुवात केली, गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. कोणती योजना नाही, फलक नाही. वॉशर बदलायचा आणि पुढचं दार. मोठमोठ्या जलपरिषदांतल्या ठरावांपेक्षा मला हा माणूस जास्त पटतो, कारण त्याच्या कामाचा हिशेब लिटरमध्ये लावता येतो.

शाळेत आम्हाला कार्यानुभव नावाचा विषय होता. त्यात आम्ही क्रेप कागदाची फुलं केली, मेणबत्त्या केल्या, लोकरीचे गोंडे केले. वर्ध्याला १९३७ साली नई तालीमची मांडणी झाली, हाताच्या कामातून शिक्षण म्हणून, तिचं आपल्या शाळांत शेवटी हे गोंडे झाले. पाबळला विज्ञान आश्रमात १९८३ पासून मुलं खरीखुरी कामं करत विज्ञान शिकतात, म्हणजे होऊ शकत नाही असं नाही. आठवीच्या पोरांना एक टाकी खोलून द्या. तरफ, उत्प्लावन, दाब, सायफन, अर्धं भौतिकशास्त्र त्या डब्यात आहे. आणि पोरापोरींना दोघांनाही द्या. मी पाना घेऊन बसले तेव्हा शेजारचे काका दारातून म्हणाले, ‘कोणी पुरुष माणूस नाही का घरात?’ पुरुष माणूस होता, तो चहा करत होता.

आमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे. मी लेखी ठराव दिलाय. प्रत्येक घराने एकदा रेघेची तपासणी करायची आणि आकडा कळवायचा. सोसायटीने चार प्रकारच्या रिंग आणून ऑफिसात ठेवायच्या. वॉचमनच्या संडासाचं पाणी दिवसभर चालू, आणि कामाला येणाऱ्या बायकांसाठी तळमजल्यावरचा बंद पडलेला संडास उघडायचा. त्याची टाकी मी दुरुस्त करून देते, पैसे नकोत.

सेक्रेटरींनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, ‘मॅडम, हा विषय आपण आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.’

मी तो पत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाला घ्या असं लिहून पोच घेतली आहे. तुमच्याही सभा याच महिन्यांत असतील. ठरावाचा मसुदा हवा असेल त्यांनी सांगा, पाठवते.